मालक नसलेल्या ओट्याचा मालक

२०२२ च्या ऑक्टोबरात ईलॉन मस्कने ट्विटर विकत घेतलं आणि इकडे धरमपेठेत माझी झोप उडाली. एकाच शेठच्या ओट्यावर किती दिवस बसायचं? ट्विटरसारखंच मॅस्टोडॉन २०१६ पासून होतंच. ज्याचा त्याचा सर्व्हर आणि सगळे एकमेकांना जोडलेले. मालक कोणीच नाही! मी ताबडतोब नागपूरकरांसाठी एक सर्व्हर भाड्याने घेतला. तेव्हापासून सगळे मलाच मालक समजतात.

पहिल्या सभासद शेजारच्या मावशी. खात्याचा पत्ता बघूनच त्या अडल्या.

"बाप्पा, दोन-दोन ॲट कायले?"

"मावशी, एक तुमच्या नावाचा, एक आपल्या सर्व्हरचा. ईमेलसारखंच हाय. जीमेलवाला याहूवाल्याले पत्र धाडते नं, तसं."

"ते समजलं. पण माह्या भिशीतल्या बाया कुठं हायेत?"

भिशीतल्या बाया नव्हत्या. खरं म्हणजे कोणीच नव्हतं. आपल्या सर्व्हरवरचं कोणी बाहेरच्याला फॉलो करत नाही, तोवर त्याचं लिखाण सहसा आपल्याकडे फिरकतच नाही. पानात काय वाढायचं ते ठरवणारा अल्गोरिदमही नाही. त्यामुळे ताट रिकामं. तिसऱ्या दिवशी मावशी व्हॉट्सॲपवर परत गेल्या. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

ओटा भरलेला दिसावा म्हणून मग मीच जगभरातल्या चारशे लोकांना फॉलो केलं. इथे एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. त्यांनी टाकलेल्या प्रत्येक फोटोची एक प्रत आपल्या सर्व्हरवर येऊन बसते. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि दुपारी दोन वाजता सर्व्हर बंद. डिस्क ठासून भरली होती. उघडून बघतो तर जपानमधली मांजरं! उशीवरची, खोक्यातली, एक तर वॉशिंग मशीनमध्ये. घाम पुसत पुसत मी संध्याकाळपर्यंत मांजरं हाकलत होतो. बायकोने सरबत ठेवताना एवढंच विचारलं, "याचे पैसे कोण देते?"

सभासद तोवर सदतीस झाले होते. वर्गणी देणारे दोन, त्यातला एक मीच.

तरी मांजरं परवडली. माझा मावसभाऊ सभासद झाला आणि त्याने एका रात्रीत साठ वेळा टाकलं, "मिहानजवळ एनए प्लॉट, त्वरा करा." वर जगातले सगळे हॅशटॅग. सकाळी बघतो तर एका मोठ्या जर्मन सर्व्हरने आमच्या अख्ख्या सर्व्हरशी रोटी-बेटी व्यवहार तोडलेला! एकाच्या प्लॉटपायी सदतीस जण वाळीत. दाद मागायला वरचं ऑफिसच नाही. ज्या सर्व्हरने तोडलं, त्याच्याच चालकाला पत्र लिहायचं. लिहिलं. एनए म्हणजे काय हे त्या भल्या माणसाला इंग्रजीत समजावताना दोन परिच्छेद गेले. भावाचं खातं बंद केलं, माफी मागितली. आठ दिवसांनी संबंध पूर्ववत झाले.

रविवारी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर भाऊ भेटला. आता हा भांडणार, म्हणून मी आधीच दोन प्लेट सांगितल्या. त्याने तर्रीत पोहे बुडवले आणि म्हणाला, "खात्याचं जाऊ दे बे. त्या जर्मनवाल्याचा नंबर दे. बाहेरचे लोक रोख देतेत."