"१५ जहाजं म्हणजे जगातल्या सगळ्या गाड्या" हा हिशोब कुठे चुकतो

सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला. "जगातली सगळ्यात मोठी १५ जहाजं जगातल्या सगळ्या गाड्यांपेक्षा जास्त प्रदूषण करतात, मग आपल्याच गाडीला पीयूसी कशाला?" खाली एकाने लिहिलं, जहाजाने येणारा मालच बंद करा. न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या मालाची कागदपत्रं आणि ट्रेलरचे हिशोब बघण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिलं म्हणजे, प्रदूषण कुठलं? हा आकडा २००९ च्या आसपास बातम्यांतून फिरायला लागला आणि तो फक्त सल्फरच्या धुराचा होता. तेव्हा जहाजाच्या तेलात साडेचार टक्क्यांपर्यंत सल्फर चालायचं. हे तेल म्हणजे रिफायनरीत बाकी सगळं काढून झाल्यावर तळाला उरतं ते डांबरासारखं काळं, घट्ट, गरम केल्याशिवाय पाइपातून पुढे न सरकणारं. गाडीच्या पेट्रोल-डिझेलमधलं सल्फर मात्र आधीच काढून टाकलेलं असतं, आपल्याकडे बीएस-६ मध्ये जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १० भाग. ज्यात सल्फर जवळपास नाहीच त्याच्याशी तुलना केली तर आकडा अवाढव्य येणारच ना. फॉरवर्ड होता होता "सल्फर" शब्द गळला आणि "प्रदूषण" तेवढं उरलं.

आता कार्बनचं बघू, घरी बसून करता येतं. मोठं कंटेनर जहाज दिवसाला ३०० टन तेल जाळतं धरा, वर्षाचे ३०० दिवस, १५ जहाजं, झाले साडेतेरा लाख टन. एक टन तेल जळलं की साधारण ३.१ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ४२ लाख टन. जगातल्या कार वर्षाला ३०० कोटी टनांच्या आसपास सोडतात. सातशे पट! जगातली सगळी जहाजं एकत्र केली तरी १०० कोटी टनांच्या थोडं वर, माणसाच्या एकूण उत्सर्जनाच्या जवळपास ३ टक्के. हे कमी आहे असं मी म्हणत नाही, पण फॉरवर्ड सांगतो ते हे नाही.

शिवाय १ जानेवारी २०२० पासून सल्फरची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आली. अर्धा टक्का म्हणजे ५,००० पीपीएम, अजूनही गाडीच्या डिझेलच्या ५०० पट, आणि स्क्रबर (धुरातलं सल्फर पाण्याने धुऊन काढणारं यंत्र) बसवलेली जहाजं जुनंच तेल जाळतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं धुतलेलं पाणी समुद्रात जातं, याबद्दल ओरडायलाच पाहिजे.

पीयूसीचं म्हणाल तर त्यात सल्फर मोजतच नाहीत. सिग्नलला तुमच्या गाडीचा धूर मागच्या स्कूटरवरच्या पोराच्या नाकात जातो.

आणि "जहाजं बंद करा" यावर तर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. मालवाहतुकीत गाडी किती तेल पिते ते बघत नाहीत, एक टन माल एक किलोमीटर न्यायला किती लागलं ते बघतात. मोठ्या कंटेनर जहाजाचे १० ते २० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, विमानाचे ५०० च्या वर. ट्रकचा आकडा मी कागदावर मांडतो. नाशिकहून न्हावा शेवा २०० किमी, ट्रेलरवर २० टन, भरलेल्याचं ॲव्हरेज साडेतीन, म्हणजे ५७ लिटर. पण त्या आधी एम्प्टी कंटेनर पोर्टाकडून नाशिकला न्यावा लागतो, तो पाचच्या ॲव्हरेजने ४० लिटर. एकूण ९७ लिटर, लिटरमागे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, झाले २६२ किलो, टनामागे १३ किलो, म्हणजे टन-किलोमीटरला ६५ ग्रॅम. एम्प्टीची फेरी सोडून दिली तर हाच आकडा ३८ दिसतो, आणि खूप जण तोच लावतात. २०२३ मध्ये आलेलं आयएसओ १४०८३ हे वाहतुकीचं उत्सर्जन मोजायचं स्टँडर्ड रिकाम्या फेऱ्या धरायलाच सांगतं, ते बरं झालं.

म्हणून माझा जीव त्या ४० लिटरमध्ये अडकलाय. नाशिकच्या कारखान्याला आयातीचा माल घेऊन जाणारा कंटेनर तिथेच रिकामा करून त्यातच निर्यातीचा माल भरला, तर एम्प्टीची फेरी उरतच नाही आणि ते ३८ ग्रॅम खरे होतात. त्यासाठी शिपिंग लाइनची, म्हणजे कंटेनर ज्यांचा त्या जहाज कंपनीची, परवानगी लागते, कंटेनर धड लागतो, दोन पार्ट्यांच्या तारखा जुळाव्या लागतात. मागच्या महिन्यात आमच्या अशा दोनच फेऱ्या जुळल्या.