तीन-तीन, आठ-तीन आणि माझं फिरलेलं डोकं

माझ्या गायीच्या दुधाची चिठ्ठी: फॅट ३.३, एसएनएफ, म्हणजे पाणी अन् फॅट सोडून दुधात उरते तो घट्ट भाग, ८.३. लिटरले दर तीस, हातात सव्वीस. पूर्ण दर ३.५ अन् ८.५ ले, ०.१ म्हणजे एक पॉइंट; फॅटचे दोन पॉइंट गेले, एसएनएफचे दोन गेले, पॉइंटामागं रुपया. दूध संकलन केंद्रावरची चिठ्ठी अशा कागदावर निघते की चार दिवसांत अक्षरं उडून कोरी होते, पण हा आकडा काही डोक्यातून उडाला नाही.

आणि तोच डोक्यात घेऊन त्याच दिवशी मी अमरावतीला गेले. पोरीच्या खोलीवर डाळ-तांदूळ पोचवायचे होते. तर ती म्हणे, आई चाल न, तुले नवीन दुकान दाखवतो. दुकान कसलं, अख्खं वावर आहे, आत एसी. मला एसीचं तसंही वावडं. वरून दारातच पिशवी जमा करा म्हणतात. मी काय आर्वी तालुक्यातून तुमचे बिस्कुटं चोरायला आले का?

फिरत फिरत दुधाच्या फ्रीजपाशी गेलो. जायलाच नको होतं. टोन्ड दूध, अर्धा लिटर, एकोणतीस रुपये. म्हणजे लिटरले अठ्ठावन्न. फॅट किती? मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असते, माझ्या चष्म्याले दिसत नाही, पोरीनं वाचलं: ३.०. बरं. म्हणजे माझं ३.३ चं दूध 'कमी फॅटचं' म्हणून दोन रुपये कापून घ्यायचं, मग त्यातलेच तीन पॉइंट आपण काढून घ्यायचे, त्याचं तूप-लोणी वेगळं विकायचं, आणि राहिलेलं अठ्ठावन्नले. खालच्या फळीवर डबल टोन्ड, फॅट १.५. भाव बावन्न. मी तिथंच बोटावर हिशेब केला. केंद्राचाच हिशेब, माझा नाही. ३.५ च्या खाली पॉइंटामागं रुपया, तर १.५ म्हणजे वीस पॉइंट खाली. तीसातून वीस गेले. लावा की मग दहा रुपये दर! तेव्हा कुठं जाते तुमची मशीन? घेताना पॉइंट-पॉइंट मोजता, विकताना पिशवीवर फक्त हिरवी पट्टी अन् निळी पट्टी.

बरं, हे ३.५ आणि ८.५ आणलं कुठून? अन्न सुरक्षावाल्यांचा, एफएसएसएआयचा नियम गायीच्या दुधाला कमीत कमी ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ सांगते. माझं दूध कायद्यात पास, केंद्रावर नापास. आणि हे कोणत्या दिवसांत? उन्हाळ्यात. सावलीत पारा पंचेचाळीसवर, गायी जीभ काढून धापा टाकतात, हिरव्या चाऱ्याचं नाव नाही, तुरीचं नाहीतर सोयाबीनचं कुटार पुढ्यात. अशात एसएनएफ उतरतेच, हे डेअरीवाल्याले माहीत नसेल तर त्यानं डेअरी बंद करून पानठेला टाकावा. आधी पॉइंटामागं तीस पैसे कापायचे. मग बोंबाबोंब करून सरकारकडून चौतीसचा दर ठरवून घेतला २०२३ मध्ये, तर यांनी दराले हातच लावला नाही, कपात वाढवली. तेव्हा दर कागदावर चौतीस, खिशात सव्वीस-सत्तावीस. हुशारीले पारितोषिक द्यावं बाप्पा.

पण खरं डोकं फिरलं ते त्या बाटलीनं.

काचेची बाटली. गळ्यात सुतळी बांधलेली, सुतळीले पुठ्ठ्याचं लेबल. 'गावरान ए टू', म्हणजे देशी गायीचं दूध म्हणे. एक लिटर, एकशे वीस रुपये. लेबलवर एक बाई. नऊवारी, नाकात नथ, हातात पितळी चरवी, नखाले लाल पॉलिश, आणि हसून राहिली. पहाटे साडेचारले कोणती बाई अशी हसते हो? मी तर उठते तेव्हा घरातलं कोणी माझ्याशी बोलायची हिंमत करत नाही. कोठ्यात गेलं की आधी शेण भरायचं, मग गोमाशा हाकलायच्या, मग ती लाल गाय, जी रोज एकदा तरी बादलीत पाय घालायचा प्रयत्न करते, तिच्या मागच्या पायांना दोरी. लेबलवरच्या गायीच्या पायाले दोरी नाही, शेपटीले शेण नाही, बाईच्या पदराले डाग नाही. आणि गाय कोणती? काळी-पांढरी. एचएफ, विलायती होल्स्टीन! गावरान म्हणून लिहिलंय, अन् फोटो होल्स्टीनचा! आमच्या वर्धा जिल्ह्याची गवळाऊ हीच खरी गावरान, पांढरीशुभ्र, देखणी, पण बैल द्यावे तर तिनं. दूध किती देते ते पाळणाऱ्याले माहीत. म्हणून तर सरकारनंच संकर करा, संकर करा म्हणून वर्षानुवर्षं रेतनाच्या कांड्या घेऊन डॉक्टर घरोघरी पाठवले. आम्ही केला संकर. जर्सी आली, एचएफ आली, दूध वाढलं. आता तेच दूध सव्वीस, आणि जे सोडायले लावलं त्याच्या नावानं एकशे वीस. त्यातही फोटो चुकीच्या गायीचा. बाटली वीस मिनिटं हातात धरून उभी होते मी. पोरगी दोन फळ्या सोडून मसाल्यांकडं जाऊन उभी राहिली, ओळख नसल्यासारखी.

शेवटी काउंटरवर बिल करणाऱ्या पोट्ट्याले गाठलं. म्हटलं, बाबू, हा फोटो पाहा. ही गावरान आहे का? बिचारा म्हणे, "काकू, मले काहून बोलता, मी त बिलं मारतो." मग मी त्याला फॅटचं सगळं गणित सांगितलं. डबल टोन्डच्या वीस पॉइंटांसकट. मागं लाइन लागली. एक मॅडम मोबाइलवरून डोळे न काढता म्हणाल्या, "दूध आधीच दोन रुपयांनी महाग झालंय हो, आता अजून वाढवायला सांगताय का?" हो ना! मे २०२५ मध्ये मोठ्या ब्रँडांनी लिटरमागं दोन रुपये वाढवले, पेपरात पहिल्या पानावर आलं. तुमचे दोन रुपये वाढले ते कोणाकडं गेले, ते विचारायचं ना कोणाला तरी. माझ्या चिठ्ठीवर नाही आले. गुजरातेत म्हणे गिऱ्हाइकाच्या रुपयातले ऐंशी पैसे दूधवाल्या शेतकऱ्याकडं जातात. माझे किती? सव्वीस भागिले अठ्ठावन्न. पंचेचाळीस पैसे. पोरीनं मोबाइलवर काढून दिले, आणि वर म्हणे, "झालं न आता? चाल, लोक पाहून राहिले."

घरी येऊन हे सगळं तावातावानं यांना सांगितलं. हे खाटेवर आडवे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मार्टात लय वाघीण झाली तू. केंद्रावर त 'बरं भाऊ' म्हणून येते."

आता यावर काय बोलता? येतेच 'बरं भाऊ' म्हणून. मशीन त्याच्या हाताखाली आहे. आज भांडले तर उद्या माझ्याच दुधाचं एसएनएफ आठ-शून्य लागेल, परवा 'आंबट' म्हणून कॅनच परत. गावात दुसरं केंद्र नाही. तर माझा सगळा राग साठ किलोमीटर नेऊन तिथं काढला, जिथं एक पोट्टा बारा तास उभा राहून बिलं मारते. वाघीणच म्हणायची. हे अजून दोन दिवस हसतील यावर, माहीत आहे मला.

असो. आता विषय निघालाच आहे तर गायींना घालायच्या ढेपेचंही बोलून घेते. कापूस आमचा. भाव पडला म्हणून रडत विकला. त्याची सरकी निघाली, सरकीची ढेप झाली, अकोल्याच्या बाजारात तिचे सौदे होतात, पार वायद्यात. आणि तीच ढेप पोत्यानं घेताना दोन हजाराच्या आगेमागे. आमच्याच वावरातली! कापूस विकताना सरकीचा भाव कोणी धरत नाही, ढेप घेताना 'सरकी तेज आहे वहिनी' ऐकायचं.

आणि ते दुधाचं सरकारी अनुदान. जानेवारी २०२४ पासून लिटरमागं पाच रुपये, ते फक्त गायीच्या दुधाला. मग कानात टॅग मारा, टॅगचे बारा आकडे ॲपवर चढवा, आधार बँकेला जोडा. आमच्या लाल गायीनं टॅगसकट कान कुंपणात फाडून घेतला, तर ती कागदावर गायच राहिली नाही. दूध मात्र देत होती. पुढं ऑक्टोबरात पाचाचे सात केले, सगळीकडं फटाके. आणि डेअरीनं द्यायचा दर? तीसाचा अठ्ठावीस. तीस अन् पाच पस्तीस, अठ्ठावीस अन् सात पस्तीस. सरकारचे दोन रुपये वाढले आणि डेअरीचे दोन वाचले. एवढं साधं गणित चौथीतलं पोरगं करते. मग तेही बंद पडलं. उसाला एफआरपी आहे, कापसाला हमीभाव आहे, मिळो न मिळो, नाव तरी आहे. दुधाला काय आहे? 'दूध पावडरचे भाव पडले, वहिनी.' पावडरचे भाव पडले की त्याच दिवशी गावात कळते. चढले की कोणाला पत्ता नसतो.

आणि सगळ्यात जास्त चीड कोणाची येते सांगू? शुभेच्छावाल्यांची. २६ नोव्हेंबर आला की धवलक्रांतीवाल्या कुरियन साहेबांचा फोटो आणि 'राष्ट्रीय दूध दिनाच्या हार्दिक शुभेच्छा'. १ जूनला जागतिक दूध दिन, पुन्हा शुभेच्छा. कुरियन साहेबांबद्दल आदर आहे हो मला. पण दिवस दोन आणि दुधाचा चुकारा तीन दहावड्यांपासून, म्हणजे महिनाभर, तटलेला, आणि ग्रुपवर ज्यानं फोटो टाकला तो केंद्रवालाच. खाली मी हात जोडलेलं चित्र टाकलं. पुन्हा 'बरं भाऊ'.

त्याच्या खालोखाल पाहुणे. "मज्जा आहे तुमची, घरचं दूध!" घरच्या दुधातलं घरात किती राहते ते माझ्या चहाचा रंग पाहून सांगा. आणि त्याच्या खालोखाल हे सल्लावाले जवाई, पुतणे, मोबाइलवर व्हिडिओ पाहणारे. वहिनी, ए टू करा. वहिनी, बाटलीत विका, ब्रँड करा. वहिनी, गायी काढा, म्हशी घ्या, म्हशीले फॅट आहे. घेते ना. म्हैस काय झाडाले लागते? ज्याले म्हशीचा सल्ला द्यायचा त्यानं आधी एक महिना माझा कोठा झाडावा, पहाटे साडेचारले, शेणासकट. त्या लाल गायीपासून सुरुवात करावी.