‘चार बोल्ट उघडले म्हणून’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

जुनी टूरिंग मोटरसायकल विकत घेऊन ती घरी दुरुस्त करण्याविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी गोषवारा देतो. मी लिहिले होते की, अनेक वर्षे झाकून ठेवलेली १४,००० किलोमीटरची गाडी आणि नियमित वापरातली, सर्व्हिसिंगच्या नोंदी जपलेली ८०,००० किलोमीटरची गाडी, यांतून निवड करायची झाल्यास दुसरी घ्यावी. आपले म्हणणे असे की, हा सल्ला नवख्या माणसाला खड्ड्यात घालणारा आहे. टायरवरच्या तारखेचा अर्थ मी चुकीचा सांगितला. सुटे भाग मिळायला लागणारा वेळ आणि दुरुस्तीचा एकूण खर्च मी धरलेलाच नाही. जुन्या एबीएसविषयी (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लेखात एक अक्षर नाही. आणि ब्रेकचे काम घरी करायला सांगणे धोक्याचे आहे. या सगळ्याच्या मध्यभागी आपले हे वाक्य आहे : ‘चार बोल्ट उघडले म्हणून कोणी मेकॅनिक होत नाही, हौशी माणसाने ८०,००० किलोमीटर चाललेली गाडी लोकांच्या गळ्यात मारणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.’

प्रथम माझी चूक. टायरच्या कडेवर छापलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन महिना दाखवतात असे मी लिहिले होते; ते आठवडा दाखवतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुरुस्ती योग्य आहे, लेखात केली आहे आणि तिच्याबद्दल मी आपला आभारी आहे. ‘वर्षाला तेवीस महिने कोणत्या पंचांगात असतात’ हा प्रश्न मात्र दुरुस्ती सांगून झाल्यावर वर आणखी विचारण्याइतका आवश्यक होता, असे मला वाटत नाही.

आता त्या वाक्याकडे येतो. ‘हौशी’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरला आहे. मी हौशी आहे, हे मी कधी लपवलेले नाही. परंतु हौस आणि अज्ञान यांना आपण एकाच दावणीला बांधले आहे, त्याला माझी हरकत आहे. ज्याचे पोट या कामावर आहे त्याला दिवसाकाठी चार-पाच गाड्या हातावेगळ्या कराव्या लागतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. मला मात्र एकच कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग, तीन रविवार पुरवता येतो. ‘चार बोल्ट’ हा आकडा आपण कुठून काढला, तेही कळले नाही. माझ्या पहिल्या टूरिंग गाडीच्या फेअरिंगचेच (वारा अडवणाऱ्या बाहेरच्या आवरणाचेच) स्क्रू इतके होते की, एका मोठ्या पुठ्ठ्यावर गाडीची आकृती काढून प्रत्येक स्क्रू ज्या त्या जागी टोचून ठेवावा लागला होता. तो पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे.

त्या गाडीची हकीकत सांगणे भाग आहे, कारण ती मी घेतली होती नेमकी आपल्या निकषांवर : कमी चाललेली, एकाच मालकाची, एकही ओरखडा नसलेली. एकोणीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. गाडीचे नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हता, माझ्या निवडीचा होता. मीटरवर १४,००० किलोमीटर होते आणि गाडी सात वर्षे उभी होती. नवी बॅटरी घातली की ती सुरू होईल, असे मालक म्हणाले होते. ते खोटे बोलत नव्हते. ती सुरू झाली, चारांपैकी दोन सिलिंडरांवर.

कार्ब्युरेटर उतरवले, पायलट जेट (पेट्रोल जाण्याची बारीक भोकाची पितळी नळी) काढले आणि एकेक उजेडाकडे धरून पाहिले. चांगल्या जेटमधून सुईच्या टोकाएवढा प्रकाशाचा ठिपका दिसतो. दोन जेटांत तो दिसला, दोनांत नाही. सात वर्षांत पेट्रोल उडून गेले होते आणि मागे लाखेसारखा तपकिरी थर राहिला होता. तो औषधात भिजवून, तांब्याच्या तारेतला एकच धागा घालून काढावा लागतो. पोलादी सुई घातली तर पितळेचे भोक मोठे होते आणि मग ती गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. हे मला कोणत्या हौशी माणसाने सांगितले नव्हते. सुई घालून एक जेट वाया घालवल्यावर कळले.

मागच्या ब्रेकची गोष्ट याहून बोलकी आहे. पॅड जवळजवळ नवे होते, डिस्क चकचकीत होती, तरी गाडी मेन स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवले की ते अर्ध्या फेऱ्यात थांबायचे. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते, म्हणूनच ते सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी बदलायचे असते. इथे ते सात वर्षे तसेच होते. पिस्टन बाहेर काढले तर त्यांवर डाग नव्हता. रबरी सील ज्या खाचेत बसते तिच्या तळाशी मात्र ॲल्युमिनियमचा पांढरा क्षार धरला होता. तो सीलला मागून ढकलत होता आणि सील पिस्टनला आवळत होते. बाहेरून कितीही पुसले, पॅड कितीदा बदलले, तरी हा दोष जाणारा नव्हता. दंतवैद्य वापरतात तसल्या आकड्याने मी ती खाच सबंध घेराने खरवडली, तेच पिस्टन नव्या सीलांसह बसवले, आणि मग चाक एका धक्क्यात तीन फेरे फिरले. चौदा हजार किलोमीटरची गाडी! फोर्कची ऑईल सील वाळली होती, टाकी आतून गंजली होती, टायरची नक्षी शाबूत होती पण रबराला बारीक चिरा होत्या. ती गाडी रस्त्यावर यायला मला अकरा महिने लागले.

आता दुसरी गाडी. ही घेतली तेव्हा ती ८३,००० किलोमीटर चाललेली होती आणि सोबत मालकाच्या हस्ताक्षरातली नोंदवही होती. पुढचे चाक जमिनीवरून उचलून दोन बोटांनी हँडल सावकाश फिरवले, तेव्हा बरोबर मध्यावर ते एका बारीकशा खाचेत पडल्यासारखे अडकत होते : कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, गेलेला. दिव्याच्या वायरिंगमध्ये एक सैल जोड होता. चार्जिंग तपासले, बॅटरी नुसती असताना १२.६ व्होल्ट आणि इंजिन रेस केल्यावर १४ च्या थोडे वर, म्हणजे जसे हवे तसे. कोनसेट बदलला, पॅड बदलले, ऑईल आणि कूलंट बदलले आणि दुसऱ्याच आठवड्यात लांबच्या प्रवासाला निघालो. लेखातला सल्ला या दोन गाड्यांच्या अनुभवातून आला आहे, चार बोल्टांमधून नव्हे.

‘८०,००० नंतर इंजिन उघडावेच लागते,’ असे आपण ठामपणे लिहिता. कोणते इंजिन? लहान, सतत ताणून चालवलेले एक सिलिंडरचे इंजिन आणि पाण्याने थंड राहणारे, वरच्या गिअरमध्ये निवांत फिरणारे मोठे चार सिलिंडरचे इंजिन, यांना एकाच मापाने मोजता येत नाही. टूरिंगच्या गाडीचे किलोमीटर बहुतांशी गरम इंजिनावर, एकसारख्या वेगात, क्लच फारसा न दाबता झालेले असतात. इंजिन पूर्ण तापले की ऑईलमध्ये उतरलेला ओलावा उडून जातो. दहा मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो तसाच राहतो आणि ऑईल खराब करतो. एक लाख किलोमीटर होऊनही हेड (सिलिंडराच्या टोकाचा, व्हॉल्व्ह ज्यात बसतात तो भाग) न उघडलेली मोठी टूरिंग इंजिने ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. उलट, कमी किलोमीटरच्या मोहात काय निसटते ते पाहा. होंडाच्या गोल्डविंगमध्ये १९७५ च्या पहिल्या मॉडेलपासून १५०० सीसीच्या मॉडेलपर्यंत टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारे रबरी पट्टे, होते. २००१ च्या १८०० मध्ये त्यांच्या जागी चेन आली. त्या जुन्या इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. रबर नुसते ठेवूनही म्हातारे होते, त्यामुळे तिशी ओलांडलेली, फारच थोडी चाललेली आणि मूळच्या बेल्टवर असलेली गोल्डविंग पाहायला मिळाली, तर तिचे सेल्फचे बटण दाबण्याचीसुद्धा माझी हिंमत होणार नाही. आपण दाबाल, असे दिसते.

आपल्या अनुभवाचा दाखला म्हणून आपण लिहिले आहे की, सुरू होताच निळा धूर सोडणारी गाडी दिसली की आपण पाठ फिरवता, आणि बीएमडब्ल्यूच्या एका के१०० कडे अशीच पाठ फिरवली होती. महोदय, १९८३ मध्ये आलेल्या के१०० चे इंजिन आडवे झोपवलेले आहे आणि हेड डाव्या बाजूला आहे. गाडी साइड स्टँडवर, म्हणजे डावीकडे कललेली उभी राहिली, की थोडे ऑईल रिंगांवरून सरकत सिलिंडरात उतरते आणि सुरू करताना धूर होऊन निघून जाते. रात्रभर मेन स्टँडवर ठेवून सकाळी पुन्हा पाहायला हवे होते. तेव्हाही धूर आला असता तर पाठ फिरवणे योग्य ठरले असते. आपण ते केल्याचे प्रतिक्रियेत दिसत नाही, त्यामुळे एका बहुधा चांगल्या गाडीला नकार देऊन आपण तो आपल्या सावधगिरीच्या खात्यावर जमा केला आहे.

असेच टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांमध्ये ठेवलेल्या बारीक फटीचे. आवाज न करणारे इंजिन निवडावे, असे आपण नवख्यांना सुचवता. एग्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते तसा टॅपेटचा गॅप कमी होत जातो आणि आवाज कमी होतो, वाढत नाही. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, त्याची उष्णता सीटला मिळत नाही आणि तो जळतो. किंचित टकटक करणारे इंजिन मी निर्धास्तपणे घेईन. एकदम चिडीचूप इंजिन असेल तर आधी तो गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिलर गेज, मागेन. हे आपणास ठाऊक नसेल तर हरकत नाही, पण मग ‘बेजबाबदार’ हा शब्द दुसऱ्याला लावण्यापूर्वी थोडे थांबायला हवे होते.

आणि बेजबाबदारपणाविषयीच बोलायचे, तर माझ्या चुका मी स्वतःच लिहिल्या आहेत. पहिल्या गाडीचा ड्रेन बोल्ट मी अंदाजाने आवळला आणि ॲल्युमिनियमच्या पॅनचे आटे बोल्टबरोबर बाहेर आले. त्या दिवसापासून टॉर्क पान्याशिवाय मी एकही महत्त्वाचा बोल्ट आवळलेला नाही. हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. आपली प्रतिक्रिया वाचताना मला सारखे वाटत होते की, आपण शीर्षक आणि टायरचा परिच्छेद यांपलीकडे गेला नसावात. हे थोडे कडक झाले असेल, पण ‘गळ्यात मारणे’ या शब्दप्रयोगाहून कडक नाही. कोणाच्या गळ्यात काही मारायला मी गाड्या विकत नाही. आजवर एकही विकलेली नाही, घरातल्या मंडळींची तक्रार तीच आहे.

राहिलेल्या मुद्द्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. जुन्या एबीएसच्या पंपाचे दुखणे खरे आहे, पण माझ्याकडच्या कोणत्याच गाडीला एबीएस नाही, म्हणून मी त्याविषयी लिहिले नाही. ब्रेकचे काम ज्याला जमणार नाही असे वाटते त्याने ते करू नये, इतके सांगण्यासाठी वेगळा परिच्छेद लागतो असे मला वाटले नव्हते. वेळ आणि खर्चाचे म्हणाल, तर तो ज्याचा त्याचा हिशेब आहे. मी तो ठेवत नाही. पहिल्या गाडीच्या वेळी दोन महिने ठेवला होता आणि नंतर वही बाजूला ठेवली. सुटे भाग शोधले की मिळतात. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि कधीतरी सवडीने लिहीन.

शेवटी आपण, बहुधा खोचकपणे, विचारले आहे की लेखातल्या छायाचित्रातली ती ‘८०,००० वाली’ आज चालते का. चालते. मीटरवर १,३१,००० किलोमीटर आहेत आणि हेड अजून उघडलेले नाही. सध्या ती मेन स्टँडवर आहे, कूलंट काढून ठेवलेले आहे, कारण पाण्याच्या पंपाचे सील मागवून नऊ आठवडे झाले तरी ते आलेले नाही. आपल्या सुट्या भागांविषयीच्या मुद्द्याशी याचा संबंध जोडू नये, ही नम्र विनंती.