उशी बडवून राग उतरत नाही

माझा भाचा कित्येक वर्षं स्वतःच्या रागाशी झगडतोय. त्याला कुणीतरी व्हॉट्सअॅपवर फिरणारा तो मेसेज पाठवला आणि त्याने तो मनावर घेतला, म्हणून हे लिहितोय. मजकूर असा: राग दाबला की हार्ट अटॅक येतो, म्हणून उशी बडवा, ओरडा, वस्तू आपटा, घरच्यांनी तेवढं सहन करावं, कारण रागीट माणूस मनाने निर्मळ असतो, आणि शेवटी स्वभावाला औषध नाहीच.

उशीचं आधी. हे केव्हाच तपासून झालंय. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना आधी चिडवलं. मग काहींना चिडवणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, काहींना नुसतं बसवून ठेवलं. ठोसेवाल्यांचा राग जास्त राहिला. नुसते बसलेले कमी आक्रमक निघाले. २०२४ मध्ये त्यांनी आणि सोफी केर्विक यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले. राग उतरवतो तो संथ श्वास, ध्यान, अंग सैल सोडणं. शरीर आणखी तापवून तो उतरत नाही.

हार्ट अटॅकचं अर्धं खरं आहे. मनात धुमसत राहणं वाईटच, मान्य. पण २०१४ च्या एका आढाव्यात संतापाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हा धोका जवळपास पाचपट आढळला होता. म्हणजे हा मेसेज नेमकं तेच करायला सांगतोय!

आणि 'घरच्यांनी सहन करावं'? हे वाचून माझं डोकं सणकलं. हाच निर्मळ मनाचा माणूस साहेबांसमोर आवाज चढवत नाही. तिथे आवरता येतं, मग बायकोसमोर आणि मुलांसमोरच का येत नाही? ज्या घरात बाबांची पावलं वाजली की मुलं गप्प होतात, तिथे सहनशक्तीचे धडे बायकोला देणारे तुम्ही कोण?

स्वभावाला औषध नसेलही, सवयीला आहे. मानसशास्त्रज्ञ रेमंड नोवाको यांनी १९७५ मध्ये रागावरच्या उपचाराची पद्धत मांडली, तिच्यावर पुढे बरंच काम झालं. राग कशाने पेटतो ते लिहून ठेवणं, जबडा आवळला, छाती धडधडली की ओळखणं, 'त्याने मुद्दामच केलं' हा निष्कर्ष तपासणं. हे समुपदेशकासोबत आठवडे-महिने करावं लागतं. कधी चिडचिडीमागे नैराश्य किंवा दारू असते, तेव्हा मनोविकारतज्ज्ञच गाठावा.

भाच्याला सांगितलंय: राग चढतोय असं वाटलं की 'अर्ध्या तासाने बोलू' म्हणून बाजूला हो, आणि अर्ध्या तासाने खरंच परत ये. समुपदेशकाची वेळ याच आठवड्यात घे.