वाचनालयाची जाहिरात आणि एक फिरता मेसेज

‘खरं वाचनालय जाहिरात करत नाही’ असं सुरू होणारा एक मेसेज सध्या फिरतोय. त्याचं म्हणणं असं: वाचणारा आपोआप येतो, बाकीच्यांना ओढून आणू नये; पूर्वी असली थेरं नव्हती; अभ्यासिकेत बसणारी मुलं वाचक नव्हेत; आणि छोट्या वाचनालयांकडे या कामाला पैसे नाहीत. मी तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. चार ग्रुपांवर चार वेळा वाचल्यावर राहवलं नाही.

आधी ‘पूर्वी’चं बघू. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला. त्या संस्थानाचं ग्रंथालय खातं पुस्तकांच्या लाकडी पेट्या भरून खेड्यांत पाठवायचं. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणारा दिवा) आणि सिनेमा दाखवायची वेगळी शाखा होती! 1931 मध्ये तमिळ मुलखात मन्नारगुडीजवळ पुस्तकांची बैलगाडी गावोगाव फिरू लागली, तिच्या उद्घाटनाला भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन स्वतः होते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं, तेही पेट्यांवरच. म्हणजे थेरं बरीच जुनी आहेत.

‘वाचणारा आपोआप येतो.’ येतो, पण दारात काय वाचतो? आमच्याकडे परवापरवापर्यंत पाटी होती: ‘सभासदांखेरीज प्रवेश नाही’. खाली ‘शांतता राखा’. अर्जावर दोन जुन्या सभासदांच्या सह्या, वर अनामत. गावात नव्याने बदलून आलेल्या बाईंनी दोन जुने सभासद आणायचे कुठून? आणि वेळ अशी, की नोकरी करणारा घरी पोचेपर्यंत कुलूप लागलेलं. महाबळेश्वरजवळच्या भिलारमध्ये, म्हणजे ‘पुस्तकांच्या गावात’, 2017 पासून लोकांच्या घरांच्या ओसरीत पुस्तकं मांडलेली आहेत. आत जाऊन बसा, वाचा, अर्ज नाही.

अभ्यासिकेतल्या मुलांबद्दल एवढंच: ती रोज येतात, आठ-आठ तास बसतात. आम्ही पाण्याच्या फिल्टरशेजारी एक टेबल टाकलं आणि त्यावर चरित्रं, मासिकं ठेवली. बाटली भरेपर्यंत पोरं चाळतात, काही घेऊनही जातात. याहून सोपा वाचक कुठे मिळणार?

पैशांचा मुद्दा मात्र खरा आहे. महाराष्ट्राच्या 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कर नाही, सगळा भार परिरक्षण अनुदानावर, म्हणजे वाचनालय चालवायला सरकार देतं त्या पैशांवर. त्यातलं अर्धं पगाराला जातं, उरलेल्यात पुस्तकं, वीजबिल, झाडलोट. म्हणून फ्लेक्स आणि सेल्फी पॉइंटवर खर्च करायला माझाही विरोध आहे. एवढ्यापुरता मेसेज लिहिणाऱ्याशी मी सहमत.

पण खडूला किती लागतात? दूध डेअरीच्या भिंतीला आम्ही एक फळा टेकवला. सोमवारी एखाद्या कादंबरीतला प्रसंग चार ओळींत लिहायचा, ऐन मोक्यावर थांबायचं, पुस्तकाचं नाव द्यायचं नाही. खाली फक्त ‘पुढचं वाचनालयात, सायंकाळी 5 ते 8’. तिसऱ्या आठवड्यात कॅन घेऊन उभा असलेला एक जण ग्रंथपालांना म्हणाला, “मॅडम, त्या विहिरीतल्या माणसाचं काय झालं ते सांगून टाका, मला यायला जमत नाही.” त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी आली.

सध्या अडचण एकच, पावसाने खडू पुसला जातो. कुणाकडे पत्र्याचं छोटं छप्पर पडून असेल तर कळवा.