बियाण्याच्या पिशवीवर फवारण्यांचा आकडा पाहिजे

पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, कमरेच्या वर गेली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात उपकेंद्रावर येणाऱ्या तक्रारी बदलतात. डोळे चुरचुरतात, मळमळतं, डोकं गच्च होतं, छातीत धडधडतं, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. मी आशा गटप्रवर्तक आहे आणि घरी कापूस-तूर आहे, त्यामुळे हे सगळं मला दोन्ही बाजूंनी दिसतं. दरवर्षी एकच गोष्ट खटकते. फवारणी कृषी खात्याची, उलटी-चक्कर आरोग्य खात्याची, आणि झोप उडाली असेल तर ती कुणाचीच नाही. माणूस मात्र एकच असतो. कापसाचं बियाणं, कृषी केंद्रातली बाटली आणि मनाचं आरोग्य हा एकच प्रश्न आहे आणि तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणूनच हाताळला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

२०१७ हे साल बघा. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्याच वर्षी संसदेने मानसिक आरोग्य सेवा कायदा केला. त्यात स्पष्ट लिहिलं की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. त्याच वर्षी आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या गावांमधला नैराश्यावरचा एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षी श्रीलंकेतल्या खेड्यांमधला, कीटकनाशकं कुलूपबंद ठेवण्याबद्दलचा मोठा अभ्यासही आला. या चारही गोष्टी आमच्या मातीशी थेट संबंधित. पण त्या एका टेबलावर ठेवून कुणी बैठक घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही.

त्या वर्षीच्या मृत्यूंनंतर सगळ्यात जास्त ऐकू आलेलं वाक्य होतं, ‘शेतकरी काळजी घेत नाहीत.’ मास्क लावा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेने फवारा. हे बरोबरच आहे, मी स्वतः गावोगाव सांगते. पण ऑगस्टमधल्या दुपारी, पाऊस उघडल्यावर जमिनीतून वाफ निघत असताना, डोक्याइतक्या पऱ्हाटीच्या तासात, म्हणजे दोन ओळींमधे, एकदा शिरून बघा. पाठीवर भरलेला पंप, झाकणातून पाझरून सदरा पाठीला चिकटलेला, औषध पानांवरून परत तोंडावर येतंय. बादलीत दोन-तीन औषधं एकत्र करून तुराटीने ढवळतात, कारण दुकानात तसंच सांगितलेलं असतं. पाणी आणून पंप भरणाऱ्या बाईच्या हातात मोजे नसतात आणि तिला फवारणारी म्हणून कुणी मोजतही नाही. एका मजुराला मी किटबद्दल विचारलं तर म्हणाला, “ताई, ते घातलं का जीव घाबरा होते. पंपामागं पैसे भेटते, थांबून कसं जमंन?” पंपामागे मजुरी ठरलेली असेल तर सावलीत बसलेली दहा मिनिटं त्याच्या खिशातून जातात. प्लास्टिकचा कोट थंड देशात चालेल. आमच्या उन्हात, आमच्या मजुरीत ज्याचा वापर सुरक्षितपणे होऊच शकत नाही, ते औषध विकायला परवानगी का, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचंच बघा. बाटलीवर लाल त्रिकोण, म्हणजे सर्वांत जहाल वर्ग. २००५ मध्ये भाजीपाल्यावर त्याला बंदी आली. २०१३ मध्ये बिहारमध्ये शाळेच्या पोषण आहारात तेच मिसळलं जाऊन २३ लेकरं गेली. तरी कापसावर ते चालूच राहिलं. केंद्राने ते बंद करण्याचा आदेश काढला तो २०२३ मध्ये, आणि त्यातही दुकानातला शिल्लक माल मुदत संपेपर्यंत विकायची मुभा ठेवली. भाजीसाठी जे घातक ठरलं ते कापसाच्या तासात उभ्या असलेल्या माणसासाठी घातक ठरायला अठरा वर्षं का लागावीत? भाजी शहरातल्या ताटात जाते, फवारणाऱ्याचा सदरा त्याच्याच घरी धुतला जातो. हे लिहिताना मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

आता श्रीलंका. नाव काढलं की लगेच कुणीतरी लिहील, ‘२०२१ मध्ये रासायनिक शेती बंद केली आणि देश बुडाला.’ मी त्याबद्दल बोलत नाही. तो एका रात्रीत सगळी खतं-औषधं बंद करण्याचा निर्णय होता आणि काही महिन्यांतच मागे घ्यावा लागला. मी सांगतेय ते त्याआधीचं. १९९५ च्या सुमारास श्रीलंकेत आत्महत्यांचं प्रमाण जगात सर्वांत वरच्या देशांमध्ये होतं, लाखामागे सत्तेचाळीसच्या आसपास. त्यांनी सर्वांत विषारी वर्गातली कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने काढली, १९९८ मध्ये एंडोसल्फान, २००८ नंतर आणखी काही. बाकीची कमी विषारी औषधं दुकानात राहिली, शेती चालू राहिली, भाताचं उत्पादन पडलं नाही. आत्महत्यांचं प्रमाण मात्र पुढच्या वीस वर्षांत साधारण सत्तर टक्क्यांनी खाली आलं. वाचलेल्या जिवांचा अभ्यासकांचा अंदाज आहे सुमारे ९३ हजार. बांगलादेशानेही २००० च्या सुमारास हेच केलं, तिथेही पीक घटलं नाही आणि माणसं वाचली.

आणि कुलुपाचं काय झालं? पन्नास हजारांहून जास्त घरं त्या अभ्यासात होती. निम्म्या गावांत घरोघरी कुलूपबंद पेट्या दिल्या, निम्म्यांत दिल्या नाहीत. कीटकनाशक पिण्याच्या घटनांत दोन्हीकडे काही फरक दिसला नाही. म्हणजे जबाबदारी घरातल्या माणसावर टाकून भागत नाही, ते जहाल औषध बाजारातूनच जायला हवं. याचं कारण आम्हा गावात काम करणाऱ्यांना माहीत आहे. बऱ्याच आत्महत्या महिनोन् महिने ठरवून होत नाहीत. भांडणाचा, अपमानाचा, बँकेतून रिकाम्या हाताने परतल्याचा एक क्षण असतो. तो क्षण ओलांडला की माणूस बहुतेक वेळा जगतो, पुढे पोरीचं लग्न लावतो, नातवाला खांद्यावर घेतो. त्या क्षणी घरात काय आहे यावर पुढचं ठरतं. कर्ज, भाव, पाऊस ही कारणं खरीच आहेत, ती मी नाकारत नाही. पण कर्जमाफीची वाट बघताना बाटलीचा प्रश्न सोडवायला कुणी अडवलेलं नाही.

अमरावतीचा अभ्यास आमच्या भागात दहा माणसांनाही माहीत नसेल. ‘विश्राम’ नावाचा तो प्रकल्प जिल्ह्यातल्या ३० गावांत झाला. गावातल्याच माणसांना शिकवलं, त्यांनी घरोघरी जाऊन बोलणं सुरू केलं. ज्याला गरज होती त्याला समुपदेशकाकडे आणि त्याहून जास्त त्रास असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातली जेमतेम चार माणसं कुठल्याही मदतीपर्यंत पोचत होती, दीड वर्षात ती सत्तावीसवर गेली. मनात मरणाचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आलं. यात कुठलं महागडं यंत्र नाही, नवं औषध नाही. पलीकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ मध्ये त्यांचे आकडे आले, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी, आणि पुढे ती पद्धत आशांच्या हातून देशभर गेली. विदर्भाने एकदा देशाला शिकवलं आहे. मनाच्या आजाराबाबत आपल्याच मातीत सिद्ध झालेली पद्धत मात्र आपल्याच शेजारच्या तालुक्यात का पोचू नये?

एक मात्र बजावून सांगते. हे काम आशांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर म्हणून टाकू नका. दुःख ऐकायला वेळ लागतो. एका घरी तास जातो, कधी बाई बोलतच नाही, नुसती रडते. या कामाचा मोबदला वेगळा द्या, प्रशिक्षण नीट द्या आणि पुढे पाठवलेला रुग्ण तपासायला तालुक्याला माणूस बसवा. नाहीतर आम्ही फक्त चिठ्ठ्या लिहीत राहू.

आता बियाण्याकडे येते, कारण आरोग्यवाले तिथवर कधी पोचत नाहीत. २००२ मध्ये बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारायचा गुण बियाण्यातच घातलेला कापूस, आला तेव्हा फवारण्या खरंच कमी झाल्या, हे आमच्या घरानेही अनुभवलं. पण गुलाबी बोंडअळी त्याला पचवून बसली, रसशोषक किडी वाढल्या. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी एका सहकाऱ्यासोबत २०२० मध्ये मांडलं की देशातले शेतकरी आता बीटीच्या आधीपेक्षाही जास्त पैसा कीटकनाशकांवर घालतायत. जगात बहुतेक ठिकाणी कापसाचे सरळ वाण, म्हणजे संकर न केलेले, पेरतात. आपल्याकडे संकरित, महागडे, बरेचसे लांब मुदतीचे, त्यातही आमची शेती पावसावरची. पीक जितके दिवस शेतात, तितकी अळीची सोय आणि तितके पंप. फरदड ठेवू नका, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी शेतात राखू नका, म्हणून कृषी सहायक सांगतात. पण पहिल्या वेचणीत खर्च निघाला नसेल तर माणूस पऱ्हाटी उपटेल कसा?

नागपूरच्या संस्थेत आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात लवकर येणाऱ्या, दाट पेरता येणाऱ्या सरळ वाणांवर काम झालं आहे. त्याला पैसा, बियाणं आणि प्रचार हवा. माझी मागणी त्याहून साधी आहे. वाण प्रसारित करताना एकरी उत्पादन छापतात, धाग्याची लांबी छापतात, मग सरासरी किती फवारण्या लागल्या तेही छापा. शास्त्रज्ञाने चाचणीच्या प्लॉटवर मोजलेला आकडा पिशवीवर आला की शेतकरी स्वतः ठरवेल. दोन फवारण्या वाचवणारं वाण माझ्या लेखी लसीइतकंच आरोग्याचं काम करतं.

आणि यात मजूर कुठे आहे? एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२ च्या आकड्यांत शेतीशी संबंधित ११,२९० आत्महत्या आहेत, त्यात ५,२०७ शेतकरी आणि ६,०८३ शेतमजूर. मजूर जास्त. पण आपल्याकडे आत्महत्येनंतर घरच्यांना मिळणाऱ्या एक लाखाच्या मदतीला पात्र की अपात्र हे सातबारा आणि थकीत कर्ज बघून ठरतं. मजुराच्या नावावर दोन्ही नाही. शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर बहुतेकदा जमीन नसते, म्हणून ती कागदावर शेतकरीच नाही. फवारा ज्यांच्या अंगावर पडतो ती माणसं सरकारच्या तक्त्यात सर्वांत शेवटी.

बाहेरून संशोधक येतात, फॉर्म भरून घेतात, आम्ही त्यांना घरं दाखवतो, चहा पाजतो. निष्कर्ष इंग्रजीत छापून येतात. माझी हात जोडून विनंती आहे, ज्या गावाचा अभ्यास केला त्या गावाच्या ग्रामसभेत तो मराठीत वाचून दाखवा. ज्या बाईने आपल्या नवऱ्याबद्दल तुम्हाला सांगितलं, तिला त्यातून काय निघालं हे कळायचा हक्क आहे.

तोपर्यंत आपल्या हातातलं काम करू. मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनसेवा आहे, टेली-मानस, तिचा क्रमांक १४४१६ आहे. फोन फुकट, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. ग्रामपंचायतीच्या, सोसायटीच्या आणि कृषी केंद्राच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरात लिहून घ्या. स्वतःला जड जात असेल तर आजच लावा, घरातल्या कुणाची काळजी वाटत असेल तर त्याला एकटं सोडू नका, थेट विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसलं काही भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो.

आणि प्रत्येकाने आपल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन दोन गोष्टी विचारा. विषबाधेत रक्तातलं कोलिनेस्टेरेज (विष किती भिनलं ते यावरून कळतं) तपासायची सोय इथे आहे का, आणि ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाचा पुरेसा साठा फवारणीच्या हंगामाआधी येतो का. उत्तर मिळेल ते तालुक्याच्या नावासह खाली कमेंटमध्ये लिहा. पोळ्याच्या आधी सगळी उत्तरं एकत्र करून आम्ही काही जणी जिल्हा परिषदेत देणार आहोत.