अरे, निदान तो पंखा तरी बंद करा!

घरी कृष्णधवल फिल्म धुणारी मंडळी! प्रतिमा उमटवणारं रसायन, म्हणजे डेव्हलपर, कुठला, ते पाण्यात किती पातळ करायचं, फिल्मची बंद टाकी मिनिटाला किती वेळा उलटायची, यावर रात्र रात्र भांडतील. पण प्रतिमा पक्की करणारा फिक्सर ओतला की संपलं! शेवटच्या दहा मिनिटांत हीच मंडळी फिल्मची पार वाट लावतात, आणि स्कॅनमध्ये आकाशभर पांढरे ठिपके दिसले की खापर स्कॅनरच्या माथी.

वर सल्ला तयारच: 'स्कॅनरमध्ये डस्ट रिमूव्हल आहे ना, चालू कर की.' नाही चालत हो ते! ते इन्फ्रारेडवर चालतं. रंगीत फिल्ममधले डाय, म्हणजे रंग, इन्फ्रारेड आरपार जाऊ देतात, म्हणून फक्त धूळ वेगळी कळते. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते, ती इन्फ्रारेडही अडवते, मग मशीन अख्ख्या चित्रालाच धूळ समजून त्याचा चिखल करतं. इल्फोर्ड एक्सपी२ सारखी सी-४१मध्ये, म्हणजे रंगीत फिल्मच्याच रसायनांत, धुतली जाणारी फिल्म असेल तरच ते बटण दाबा.

मग पाणी. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं म्हणून निवांत राहू नका. धरण कितीही चांगलं असो, नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, आणि त्या टाकीच्या तळाशी काय साचलंय हे कमिटीलाही बघायचं नसतं. धुताना फिल्मवरचा जिलेटिनचा थर, म्हणजे इमल्शन, फुगून मऊ झालेला असतो. त्यावर बसलेला गाळाचा कण वाळता वाळता आत रुततो, मग मारत बसा ब्लोअर! धुण्याच्या नळाला गाळ अडवणारा ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर लावा. घोडबंदरला टँकरवर असाल तर बोअरचे क्षार वेगळेच, थेंब वाळला की गोल पांढरा डाग. 'आरओचं चालेल ना?' नाही. घरच्या बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर कच्चं पाणी परत मिसळतो. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणा (ॲसिड नव्हे, नीट सांगून घ्या) आणि फिल्म शेवटची त्यातच खळबळून घ्या.

पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून शेवटी वापरायचं रसायन, फोटो-फ्लो, एकास दोनशे. म्हणजे ३०० मिली पाण्याला दीड मिली. टोपणाच्या अंदाजाने नाही, मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणून मोजा. जास्त झालं की फिल्मवर तेलकट ओघळ. आणि ते फिल्मच्या टाकीत ओतू नका, फिल्म जिच्यावर गुंडाळलेली असते त्या रीलवरून काढून वेगळ्या मगात अर्धा मिनिट बुडवा. प्लॅस्टिकच्या रीलवर त्याचा चिकट थर बसतो आणि पुढचा रोल अर्ध्यात अडकतो. त्यावर पुन्हा 'रील खराब निघाली' अशी बोंब!

आता ती दोन बोटं. फिल्म टांगली रे टांगली की बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली ओढायची, ही कुणाची शिकवण? एक वाळूचा कण सापडला की पहिल्या फ्रेमपासून छत्तिसाव्यापर्यंत एकच रेघ. धूळ प्रिंटवर पांढरी येते, ती ब्रशने रंगवून झाकता तरी येते. इमल्शन खरवडलं की प्रिंटवर काळी रेघ, आणि ती झाकता झाकत नाही. पाणी निथळू द्या, हात खिशात.

आणि वाळवता कुठे? हॉलमध्ये, पंख्याखाली! बाहेर पुनर्विकासाची पाडापाडी, घरात गाद्यांचा कापूस. बाथरूममध्ये टांगा. आधी पाच मिनिटं गीझरचा गरम नळ सोडा, वाफेने हवेतली धूळ खाली बसते. टॉवेल बाहेर काढा, दहा मिनिटं थांबा, मग फिल्म टांगून खाली वजनाचा चिमटा लावा. एक्झॉस्ट बंद! तो हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच हवा दाराच्या फटीतून घरातली धूळ घेऊन आत येते. खिडकी डक्टकडे उघडत असेल तर तीही लावून घ्या, कबुतरांची पिसं कमी आहेत का? चार तास दार उघडायचं नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवा. हेअर ड्रायरचं नाव काढू नका. पावसाळ्यात धूळ कमी असते हे खरं, पण तेव्हा वाळायला रात्र जाते.

एवढं करूनही स्कॅन करताना फिल्मच्या दोन बाजू आणि फ्लॅटबेड स्कॅनरची काच पुसावीच लागते. ३५ मिमीच्या फ्रेमचा आठ बाय दहा इंची प्रिंट काढला की ०.१ मिलिमीटरचा कण जवळपास एक मिलिमीटरचा होतो. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. रबरी ब्लोअर, मग अँटिस्टॅटिक ब्रश. कोरडं मायक्रोफायबर घासलं की फिल्मवर वीज साठते आणि ती धूळ ओढून घेते. बोटाचे तेलकट डाग असतील तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, इमल्शन नसलेल्या चमकदार बाजूवर. हँड सॅनिटायझर नव्हे, त्यात ग्लिसरीन असतं! पाण्याचा डाग इमल्शनच्या बाजूला असेल तर घासू नका, फिल्म पुन्हा भिजवून डिस्टिल्ड पाणी, फोटो-फ्लो आणि बंद बाथरूम, सगळं पहिल्यापासून.

आणि वाळलेल्या पट्ट्या त्या स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटांत कोंबून कपाटात टाकू नका हो. पॉलिप्रॉपिलीनचे स्लीव्ह, घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल. जुलैत बुरशी लागली की ती जिलेटिनच खाते, त्यावर कुठलाच ब्रश चालत नाही.